मुद्राचित्रातील ट्युलिप : प्रत, दुर्मिळता आणि मोल

मागील उपघटकात आपण पाहिले की, मुद्राचित्र म्हणजे एका चित्राची छायाप्रत नव्हे. लाकूड, लिनोलियम, धातूचा पत्रा, शिळा किंवा रेशमी जाळी यांवर कलावंत आकृती सिद्ध करतो आणि तिच्यापासून कागदावर घेतलेला प्रत्येक ठसा ही मूळ कलाकृतीच असते. मग एकाच कलाकृतीच्या अनेक प्रती असतील, तर तिचे मोल कशावरून ठरते? ट्युलिपच्या फुलाच्या आधारे आपण या प्रश्नाचा विचार करू.

ट्युलिप मुळात मध्य आशियातील. ऑस्मानी तुर्कांच्या बागांतून ते सोळाव्या शतकात युरोपात पोचले. क्रिस्पिन द पास धाकटा याच्या १६१४ मधील ‘हॉर्टस फ्लोरिडस’ या ताम्रपट-कोरीव चित्रांच्या ग्रंथात ट्युलिपला मानाचे स्थान आहे. पुढे हॉलंडमध्ये पांढऱ्या पाकळीवर लाल-जांभळ्या ज्वाळांसारखे पट्टे असलेल्या फुलांच्या कंदांचे भाव गगनाला भिडले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये ते कोसळले. त्याच वर्षी द पासने छापलेल्या उपहासचित्रात फ्लोरा ही पुष्पदेवता मूर्खांच्या शिडाच्या गाडीत बसलेली दिसते. ज्या हाताने फुलाचे सौंदर्य कोरले, त्याच हाताने त्या सौंदर्याचा हव्यासही कोरला, हे लक्षात घ्या.

ते पट्टे प्रत्यक्षात रोगाचे चिन्ह होते. मावा या किडीमार्फत पसरणारा विषाणू पाकळीतील रंग तोडतो, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पष्ट झाले. असा कंद दुर्बळ होतो आणि त्याला पिलकंद कमी फुटतात. बियांपासून तो नमुना मिळत नाही. म्हणजे जे सुंदर, तेच वाढवायला अवघड. आणि म्हणूनच ते महाग.

आता मुद्राचित्राकडे वळू. ड्रायपॉइंट तंत्रात सुईने तांब्यावर ओरखडा काढताना रेषेच्या कडेला धातू किंचित उचलला जातो. त्या कडेत शाई साचते आणि रेषा मखमली दिसते. परंतु छापयंत्राच्या दाबाने ती कड लवकर झिजते. उत्तम ठसे मोजकेच निघतात. येथील दुर्मिळता निसर्गदत्त आहे, त्या रोगट कंदासारखी. सिल्क स्क्रीनमध्ये मात्र शेकडो ठसे सारखेच निघू शकतात. तेथे कलावंत स्वतः मर्यादा घालतो. चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेला ‘७/५०’ हा आकडा सांगतो की, पन्नास प्रतींतील ही सातवी आहे. छपाईनंतर अनेकदा मूळ पत्र्यावर ओरखडे मारून तो बाद केला जातो. ही दुर्मिळता मनुष्यनिर्मित आहे.

समकालीन कलावंतांना ट्युलिप जवळचा वाटतो, तो त्याच्या आकारामुळेही. सरळ देठ आणि पेल्यासारखी पाकळ्यांची ओंजळ एका सपाट छायाकृतीतही ओळखू येते. अमेरिकन चित्रकार डोनाल्ड सुल्तान (जन्म १९५१) यांची काळी ट्युलिप या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. रंगासाठी ज्याचे वेड लागले, त्या फुलाचा रंगच त्यांनी काढून घेतला. उरतो तो केवळ आकार आणि काळ्याची घनता. त्यांनी मुद्राचित्रांत वापरलेल्या अ‍ॅक्वाटिंट तंत्रात पत्र्यावर राळेची भुकटी पसरून, तापवून तो आम्लात बुडवतात. त्यामुळे पडलेल्या सूक्ष्म खड्ड्यांत शाई भरून असा सलग, सखोल गडदपणा मिळतो.

तेव्हा ट्युलिपचे मुद्राचित्र पाहताना ‘प्रती किती?’ हा प्रश्न जरूर विचारा; पण तेथे थांबू नका. या तंत्राने फुलाविषयी काय सांगितले, हा खरा प्रश्न आहे. १६३७ मधील खरेदीदार पहिल्या प्रश्नातच अडकले होते.

स्वयंअध्ययन प्रश्न
१. निसर्गदत्त आणि मनुष्यनिर्मित दुर्मिळता यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.
२. ‘कवितेच्या छापील प्रती वाढल्याने तिचे मोल कमी होते का?’ मुद्राचित्राशी तुलना करून आठ-दहा ओळींत लिहा.