अफवेचा चेहरा

भयानक रसाचे विवेचन करताना भरताने भयाचे विभाव सांगितले आहेत: विकृत स्वर, पिशाचादिकांचे दर्शन, अरण्य, ओसाड घर. भय हा स्थायीभाव खरा. परंतु तो कशाच्या तरी आश्रयाने जागा होतो, असे आपले साहित्यशास्त्र मानते. मग ज्या भयाला धड आलंबनच नाही, त्याचे काय होते?

2002 सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात ‘मुँहनोचवा’ची आवई उठली आणि तिची चर्चा लखनौपर्यंत पोहोचली. उकाड्यामुळे अंगणात वा गच्चीवर झोपलेल्या माणसांच्या तोंडावर रात्री काहीतरी झेपावते, ओरखडे काढते आणि नाहीसे होते, एवढाच या कथेचा ऐवज. कोणी लाल-निळा प्रकाश पाहिला, कोणी उडती वस्तू. किडे, गोलक-वीज अशी अनेक स्पष्टीकरणे पुढे आली. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयातील एका डॉक्टरांचे मत असे, की या जखमा बहुधा रुग्णांनी नकळत स्वतःच करून घेतलेल्या असतात. गावोगाव रात्रीचे पहारे बसले. संतप्त जमावावर झालेल्या पोलिसांच्या गोळीबारात माणूस दगावला. इतरांचे तोंड ओरबाडणाऱ्या या प्राण्याला स्वतःचे तोंड मात्र नव्हते. आपल्याकडील मुंजाला पिंपळ असतो, अपुरी राहिलेली इच्छा असते. मुँहनोचव्याला पूर्वचरित्र नव्हते, मागणी नव्हती, म्हणून त्याच्यापासून सुटण्याचा उपायही नव्हता.

याच्याशेजारी जपानमधील ‘कुचिसाके-ओन्ना’ म्हणजे फाटक्या तोंडाची स्त्री उभी केली, की भेद स्पष्ट होतो. 1979 साली ही अफवा शाळकरी मुलांमध्ये देशभर पसरली. तोंडावर मुखपट्टी बांधलेली स्त्री मुलाला विचारते, ‘मी सुंदर आहे का?’ उत्तर मिळताच ती मुखपट्टी काढते. ‘बरी आहेस’ असे मोघम सांगितले, किंवा खडीसाखरेसारखी कडक गोळी तिच्यापुढे फेकली, तर सुटका होते. येथे भयाला प्रश्न आहे, नियम आहे, म्हणजेच नाट्यही आहे. कोजी शिराइशी यांनी 2007 सालच्या चित्रपटात तिला एक पूर्वकथा दिली: ती मुलांना मारझोड करणारी आई होती आणि तिचे भूत इतर मातांच्या देहात शिरते. रस्त्यावरचे भय असे घरात येते. ज्या हाताने थोपटावे तोच हात उगारला जातो, हे अफवेच्या तळाशी दडलेले सत्य चित्रपट उघडे करतो.

हिदेओ नाकाता यांच्या ‘रिंगु’ (1998) या चित्रपटाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. कोजी सुझुकी यांच्या 1991 सालच्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. एक चित्रफीत पाहणारा सात दिवसांत मरतो. वाचायचे तर तिची नक्कल करून ती दुसऱ्याला दाखवावी लागते. वास्तविक अफवाही याच रीतीने जगते. ऐकणाऱ्याला ती सांगितल्यावाचून राहवत नाही आणि सांगून तो आपले भय दुसऱ्याच्या माथी मारतो. प्रसाराची ही रीत हेच या चित्रपटाचे कथानक होय. विहिरीतून वर येणारी सादाको नवी असली, तरी तिच्यामागे विहिरीत पडलेल्या ओकिकूची जुनी जपानी कथा उभी आहे.

आपल्याकडे दिल्लीच्या 2001 सालच्या ‘काळ्या माकडा’वरून राकेश ओमप्रकाश मेहरा यांनी 2009 साली ‘दिल्ली-6’ केला. तेथे माकड म्हणजे आरसा. जमावाला त्यात स्वतःचेच रूप दिसावे, ही दिग्दर्शकाची इच्छा. हेतू स्तुत्य, परंतु चित्रपट अफवेवर भाष्य करतो, तिच्यावर विश्वास ठेवत नाही. जपानी चित्रपट निदान दीड तास तरी विश्वास ठेवतात. प्रेक्षकाला भय आधी भोगावे लागते, अर्थ मागाहून उमगतो. म्हणून तो अर्थ उपदेश वाटत नाही.

कलेने अफवा थांबतात, असा दावा कोणी करू नये. मात्र भयाला रूप मिळाले, की त्याच्याकडे पाहता येते. 2002 साली लखनौभोवतीच्या गावांतून जागणाऱ्या माणसांना जे दिसत होते, ते केवळ प्रकाश आणि ओरखडे. ज्याला चेहरा नाही, त्याला कोणाचाही चेहरा चिकटवता येतो. आणि अंधारात तो बहुधा परक्या वाटसरूचाच असतो.