वाक्य कुठून उचलायचे?

मराठी माध्यमातून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासताना वाक्याच्या तोंडाशी ‘मोअरओव्हर’ दिसले, की माझे लाल पेन आपोआप चालायचे. एका मुलीने पुण्याच्या भिडेवाड्यातील 1848च्या मुलींच्या शाळेवर लिहिले होते. दुसरेच वाक्य : ‘मोअरओव्हर, ऑर्थोडॉक्स पीपल अपोज्ड दि स्कूल.’ मी तो शब्द खोडला. तिने विचारले, “मॅडम, मग दोन वाक्ये जोडू कशाने?” प्रश्न रास्त होता. जोडशब्दांची यादी वर्गात मीच पाठ करून घेतली होती.

हेच मराठीत सांग, म्हटले. ती चटकन म्हणाली, ‘शाळेला सनातन्यांनी विरोध केला.’ इथे जोडशब्द नाही आणि त्याची गरजही नाही. आधीच्या वाक्यातली शाळाच पुढच्या वाक्याच्या आरंभी आली. नवी माहिती तिच्यामागून. कोणी कोणाला विरोध केला हे ‘ला’ आणि ‘नी’ हे प्रत्यय सांभाळतात, म्हणून शब्द पुढेमागे करता येतात. इंग्रजीत ते काम शब्दाची जागा करते. शाळा पुढे आणायची तर क्रियापदच फिरवावे लागते : ‘दि स्कूल वॉज अपोज्ड बाय…’ आणि कर्मणी प्रयोग टाळा, असेही मीच बजावलेले! ती वाट बंद केल्यावर ‘मोअरओव्हर’ची फळी टाकण्यावाचून तिच्यापुढे उपाय काय होता?

प्रागचे भाषाशास्त्रज्ञ व्हिलेम मातेसियुस यांनी 1920च्या दशकातच हे हेरले होते. त्यांची चेक भाषाही विभक्तिप्रत्ययांची. इंग्रजीत कर्मणी प्रयोग एवढा का रुळला, याचे एक कारण त्यांना इथे दिसले : ज्याच्याविषयी बोलणे चालू आहे, त्याला कर्त्याच्या जागी बसवण्याची ती सोय आहे.

बेल्जियममध्ये सिल्व्हियान ग्रँजे आणि स्टेफनी टायसन यांनी फ्रेंचभाषक विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध इंग्रजीभाषकांच्या निबंधांशी ताडून पाहिले. 1996च्या त्यांच्या लेखाने माझा एक समज मोडला. जोडशब्द एकूणात जास्त नव्हते. ‘मोअरओव्हर’सारखे, मुद्द्यात भर घालणारे जास्त होते, तर ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ हे युक्तिवाद वळवणारे, पुढे नेणारे कमी.

त्या मुलीने निबंध पुन्हा लिहून आणला. शाळा आता वाक्यांच्या आरंभी होती. एक ‘मोअरओव्हर’ मात्र उरला होता. सवयीने पेन उचलले; पण तिथे तिने खरोखरच नवा मुद्दा जोडला होता. तो राहू दिला.