विजेची मोटार : घ्यावी की थांबावे?



उसाचे बिल हाती आले की घरात मोटारीचा विषय निघतोच. अलीकडे त्यात एक प्रश्न वाढला आहे. पेट्रोलची घ्यावी की विजेची? "पेट्रोलचा खर्च वाचते, घेऊन टाका" असे एक जण म्हणतो. "बॅटरी गेली म्हणजे गाडी भंगारात" असे दुसरा म्हणतो. दोघांचेही ऐकावे, पण कागद-पेन्सिल घेऊन हिशेब आपला आपणच करावा. तो कसा करायचा ते आम्ही येथे मांडीत आहोत.

किलोमीटरचा खर्च

पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि गाडीची धाव लिटरला साडेसतरा किलोमीटर धरू. म्हणजे किलोमीटरला ६ रुपये पडले. विजेची मोटार एका युनिटात साधारण साडेसहा किलोमीटर जाते. घरची वीज युनिटला १३ रुपये धरली तर किलोमीटरला २ रुपये. बचत ४ रुपये. आपले दर वेगळे असतील, तर आपले आकडे घाला.

येथवर सगळ्यांनाच गोड वाटते. पण विजेची मोटार घेताना तशाच पेट्रोल मोटारीपेक्षा जास्त पैसे मोजावे लागतात. हा फरक ३ लाख रुपये आणि कर्जाचा दर १० टक्के धरू. पहिल्या वर्षी या फरकाचे व्याजच ३० हजार होते.

आता दोन सभासद घ्या. पहिल्याची गाडी महिन्याला ५०० किलोमीटर चालते. त्याची वर्षाची बचत २४ हजार. म्हणजे व्याजसुद्धा निघत नाही, मुद्दल तर दूरच! दुसऱ्याचे अमरावती-अकोला जाणे-येणे नेहमीचे, महिना १,५०० किलोमीटर. त्याची बचत ७२ हजार. त्याचा फरक व्याजासह पावणेसहा वर्षांत फिटतो. बॅटरीची हमी बहुतेक ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची असते. त्या मुदतीत फेड व्हायची तर महिन्याला सुमारे १,२०० किलोमीटर धाव हवी. सगळा निर्णय या एका आकड्यावर आहे. ट्रॅक्टर नुसता उभा ठेवला तर परवडतो काय? तसेच हे.

चालती पेट्रोल गाडी विकून नवी घेणाऱ्याने तर अधिक जपावे. त्याचा फरक ३ लाखांचा राहत नाही. नव्या गाडीच्या किमतीतून जुनीचे येतील तेवढे पैसे वजा करा. उरेल तो खरा फरक. शिवाय हप्ता दरमहा येतो, उसाचे पैसे दरमहा येत नाहीत.

जुने कोष्टक चालणार नाही

विजेच्या मोटारीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जी.एस.टी. आहे. लहान पेट्रोल मोटारींवरचा कर मात्र २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवर उतरला. म्हणून किमतीतला फरक आजच्या कोटेशनवरूनच काढा. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी दिली. पण अमरावती-अकोला रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे. तेथे ही माफी हिशेबात धरू नये.

वीज कोठली?

महिना १,५०० किलोमीटरला सुमारे २३० युनिट लागतात. घरचा वापर १५० असेल तर एकूण ३८० होतो, आणि ३०० च्या वरचे युनिट महागड्या टप्प्यात जातात. मंजूर भार व अर्थिंग आधी तपासून घ्या. साध्या १५ अँपियरच्या सॉकेटवर ३० युनिटची बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात.

वावरातल्या पंपाच्या जोडणीवर मोटार लावण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ज्या कामासाठी जोडणी मंजूर, त्याव्यतिरिक्त वापर हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे अनधिकृत ठरतो आणि आकारणी दुप्पट दराने होते. वाचवलेले सगळे तेथेच जाईल. त्यापेक्षा छतावर सौर पॅनेल बसवावे. केंद्राच्या २०२४ च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, आणि तेवढे पॅनेल महिन्याला ३०० च्या वर युनिट देऊ शकते.

आपला उन्हाळा

अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो हे आपणांस सांगायला नको. अशा उन्हात एअरकंडिशनर चालू असला की कंपनीने सांगितलेली धाव मिळत नाही. अमरावतीहून अकोल्याला जाऊन परत येणे सुमारे २०० किलोमीटर होते. तेव्हा कागदावर ३०० किलोमीटर असलेली गाडीही जेमतेमच समजावी. गाडी सावलीत ठेवावी.

मग आपल्या इथेनॉलचे काय?

हा प्रश्न सभासद विचारतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे मिश्रण देशाने २०२५ मध्ये गाठले. त्यात उसाचा वाटा आहे, तसा मका-तांदळाचाही आहे. पण घरची मोटार घरच्या हिशेबावर घ्यावी, कारखान्याच्या भिडेवर नव्हे.

सारांश, धाव महिन्याला १,२०० किलोमीटरच्या वर, घरी चार्जिंगची सोय आणि जुनी गाडी बदलायलाच आलेली, या तिन्ही गोष्टी जुळत असतील तर विजेची मोटार अवश्य घ्या. नसतील तर थांबा. थांबण्यात कमीपणा नाही. आजपासून तीन महिने गाडीच्या मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा. उत्तर त्या वहीतच सापडेल.