जुनी गाडी : किंमत एक, खर्च दुसरा

कापडाच्या व्यापारासाठी आम्हाला आठवड्यातून दोनदा अमरावतीहून अकोल्यास जावे लागते. कर्ज काढून नवी गाडी घेण्याऐवजी 2023 मध्ये आम्ही 2017 ची डिझेल मारुती विटारा ब्रेझा रोखीने घेतली. किंमत 6 लाख 40 हजार रुपये. अनेक व्यापारी बंधू तिच्याविषयी विचारतात, म्हणून अनुभव येथे देत आहोत.

प्रथम फायदा. गाडी चार मीटरच्या आत असल्याने बाजारपेठेत वळवता येते. जमिनीपासून उंची 198 मिलिमीटर. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर पोट घासत नाही. मागची सीट पाडली की गठ्ठे बसतात. जून 2022 मध्ये ज्या महामार्गावर लोणी ते माना दरम्यान सलग 75 किलोमीटर डांबरीकरणाचा विश्वविक्रम झाला, त्या रस्त्याने ती लिटरला 19 किलोमीटर देते, शहरात 15.

आता खर्च. पहिल्याच उन्हाळ्यात मूर्तिजापूरजवळ मागचे टायर फुटले. गाडीत मुले होती. गाडी सावरली म्हणून बरे. टायरची नक्षी शाबूत पाहून आम्ही निर्धास्त होतो. त्याच्या बाजूवरचे चार आकडे मात्र पाहिले नव्हते. त्यात पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. आमच्या टायरवर 1417 होते, म्हणजे ते गाडीइतकेच जुने! चार टायर 28 हजार, क्लच 14 हजार, बॅटरी 6 हजार. वर्षभरात 48 हजार गेले.

कागदपत्रांचे दुखणे याहून मोठे. नाव चढवून देतो म्हणणाऱ्या विक्रेत्याने तीन महिने घालविले. तोवर आरसी बुक पहिल्या मालकाच्याच नावे होते. अपघात झाला असता, तर भरपाईची जबाबदारी त्या बिचाऱ्यावर आली असती. नोंदणी ज्याच्या नावे तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. विमाही आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत अर्ज करावा लागतो.

तेव्हा जुनी गाडी जरूर घ्यावी. आम्हाला पस्तावा नाही. मात्र किमतीचा दहावा हिस्सा दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावा आणि फॉर्म 29 व 30 वर सह्या होऊन अर्ज दाखल होईपर्यंत शेवटचा हप्ता विक्रेत्याच्या हाती देऊ नये.