चार वाट्यांचं कपाट

आमच्या स्वयंपाकघरात एक जाळीचं कपाट आहे. जुन्या घरांत त्याला मीटसेफ म्हणायचे, शाकाहारी घरांतसुद्धा. सागवानी चौकट, तीन बाजूंनी तारेची जाळी, आत दोन फळ्या, खाली एक ड्रॉवर. चारही पाय खालून तीन बोटं काळे पडले आहेत. घरी येणारे हमखास विचारतात, "याला पॉलिश नाही का करून घेतलंत?" नाही घेतलं. त्यामागची हकीकत 2013 पासूनची आहे.

त्या वर्षी आम्ही कोथरूडला छोटा फ्लॅट घेतला. बँकेचा हप्ता सुरू झाल्यावर हातात जे उरलं त्यात गाद्या, पंखे आणि शेगडी एवढंच आलं. नवं फर्निचर घ्यायचं तर आणखी एक कर्ज काढावं लागलं असतं. तेव्हा टीव्हीवर ओएलएक्सच्या 'बेच दे'च्या जाहिराती सारख्या लागायच्या. विकायचा सल्ला सगळ्यांनी ऐकला होता, मग कुणीतरी घ्यायलाही हवं होतं. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं संगणकापुढे बसायचो.

पहिली खरेदी वाकडहून. बंगळुरूला बदली झालेल्या एका जोडप्याचं लिहायचं टेबल, 1200 रुपयांना. टेबल सुटं करून आमच्या हवाली करताना त्या मुलीने एल आकाराची बारीक चावी फळीखाली टेपने चिकटवून दिली. "वर्षातून एकदा स्क्रू आवळत जा, नाहीतर डुगडुगतं," म्हणाली. तिने सांगितलं नसतं तर ते टेबल दोन वर्षांत भंगारात गेलं असतं.

पुण्याला जुन्या वस्तूंचं नवल नाही. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात माझे वडील मला लहानपणापासून नेत. दिनकर केळकरांनी तर दिवे, अडकित्ते, फण्या, दरवाजे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा करून शहराला अख्खं संग्रहालय दिलं. पण जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेली वस्तू घरापासून तुटलेली असते. ती कुणाची, कशासाठी वापरायची, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. ऑनलाइन जाहिरातींच्या सुरुवातीच्या दिवसांत मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच, की वस्तू घ्यायला थेट तिच्या घरी जावं लागे. चप्पल काढून आत जायचं, पाणी प्यायचं, वस्तू कुठे ठेवलेली असायची ती जागा बघायची.

कपाट असंच मिळालं, 2014 च्या मे महिन्यात. जाहिरातीत एवढंच होतं: जुने कपाट, लाकडी, 1500. फोटो अंधारातला. नारायण पेठेतला वाडा बिल्डरकडे गेला होता. अर्धी बिऱ्हाडं हलली होती, मागच्या दोन खोल्यांत एक आजी आवराआवर करत होत्या. कपाटाचे पाय जर्मनच्या चार वाट्यांमध्ये उभे होते आणि वाट्यांत पाणी होतं.

"अगं, मुंग्यांना पाणी ओलांडता येत नाही," आजी म्हणाल्या. "दूध, तूप, लोणी सगळं यातच असायचं आमचं. फ्रीज आला तो पंचाऐंशी साली. आणि पाणी रोज बदलायचं हं, नाहीतर डास होतात. आम्ही रॉकेलचा एक थेंब टाकायचो."

मी भाव केला नाही. वाट्या त्यांनी पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. छोटा हत्ती बोलावला होता, त्यात कपाट चढवताना त्या दिंडी दरवाज्यापर्यंत आल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "आडवं नको ठेवू रे, जाळी दबेल."

घरी आल्यावर सुतार बघून गेला. पायांचा कुजका भाग दोन इंच कापू, वरून मेलामाइन मारू, नवंकोरं दिसेल, म्हणाला. मी पायाला नख लावून पाहिलं. लाकूड काळं होतं पण कुजलेलं नव्हतं, नख रुतत नव्हतं. पन्नास-साठ वर्षं पाण्यात उभं राहून सागवानाचा फक्त रंग गेला होता. पाय कापले असते तर कपाट कसं वापरलं जायचं याचा एकमेव पुरावा गेला असता. आम्ही धूळ काढली, उन्हात ठेवलं, दोनदा बेलतेल चोळलं. बस.

अशा फेऱ्यांतून नजर तयार होत गेली. जाहिरातीतला पुढचा फोटो फसवा असू शकतो. मागची फळी आणि ड्रॉवरची आतली बाजू दाखवा म्हणावं, खरं लाकूड तिथे दिसतं. वर सागाचा पातळ पापुद्रा आणि आत भुशाची फळी असेल तर कडेला ते लपत नाही. जुना साग उचलतानाच कळतो, आणि कोपऱ्यात हलकं खरवडलं की त्याचा तेलकट, चामड्यासारखा वास येतो. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुस्सा दिसला तर कीड अजून जिवंत आहे. वेताच्या खुर्चीची वीण उसवली तरी चिंता नाही, ती पुन्हा विणून मिळते. ढेकणाची शंका आली तर मात्र वस्तू कितीही सुंदर असो, परत फिरावं. आणि आधी आपल्या लिफ्टचं माप घ्यावं.

पितळेचं घंगाळ घेतलं ते 2015 ला. काठावर टिंबाटिंबांनी कोरलेलं होतं: एका मुलीचं नाव, 'हिस विवाहप्रीत्यर्थ', देणाऱ्या मामाचं नाव, आणि वैशाख, शके 1879. म्हणजे 1957 सालचं लग्न. विकणारा तिचा नातू होता, त्याने ते वाचलंच नव्हतं. मी घरी पोहोचून त्याला फोन केला, नाव वाचून दाखवलं आणि हवं तर परत न्या म्हणाले. त्याने विचार करायला दोन दिवस घेतले. मग म्हणाला, घरात जागा नाही, पण नावाचा फोटो पाठवा. पाठवला. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालायची पद्धत होती ती पंगतीला दिलेली भांडी ओळखून परत यावीत म्हणून. म्हणून मी ते नाव घासून काढत नाही. चिंच आणि राखेने घंगाळ चकचकीत करते, नावापाशी हात हलका ठेवते.

पुढे चित्र बदललं. 2016 ला यूपीआय आलं, 2017 च्या अखेरीस फेसबुकची मार्केटप्लेस मुंबईपासून सुरू झाली, आणि खरेदी सोपी झाली तशी घरं मागे पडली. जाहिरातदार घरमालक उरले नाहीत, व्यापारी आले. पेठांतले वाडे भराभर पडत होते. तुळया, खांब, देवळ्यांच्या चौकटी गोदामांत जमा होऊन तिथून 'अँटिक' नावाने विकल्या जात होत्या. फोटो झकास, लाकूड गडद पॉलिशने एकसारखं केलेलं. "कुठल्या घरातलं आहे हो?" विचारलं की उत्तर यायचं, "मॅडम, वाड्यातलंच आहे." व्यापाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी उचललं नसतं तर तो साग चुलीत गेला असता. पण ते पॉलिश मला खुपतं. त्याने वस्तू चकाकते आणि मुकी होते.

याच काळात फसवणूकही वाढली. एकदा आमची जुनी सायकल विकायला टाकली. लष्करात आहे म्हणणाऱ्या माणसाने न पाहताच होकार दिला आणि पैसे मिळण्यासाठी म्हणून क्यूआर कोड पाठवला. माझे सासरे पिन टाकणार इतक्यात नवऱ्याने थांबवलं. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की ते जातात. सासरे त्या रात्री नीट झोपले नाहीत. त्यांच्या वयाच्या माणसांना हे शांतपणे समजावून सांगायला हवं, म्हणून इथे लिहिते आहे.

राजा रविवर्म्यांच्या चित्रांचं दालन वेगळंच. त्यांचा छापखाना 1894 ला मुंबईत सुरू झाला, पुढे मळवलीला हलला, आणि त्याची रंगीत चित्रं घरोघरच्या देवघरांत पोहोचली. 1972 च्या आगीत तिथलं बरंच काही जळालं. 'ओरिजिनल' म्हणून आज ऑनलाइन दिसणाऱ्या चित्रांत नव्या छपाईची रेलचेल आहे. भिंग लावून पाहावं: दगडावरून छापलेल्या चित्रात ठिपके हाताने टाकलेले, वेडेवाकडे दिसतात. ऑफसेटचे ठिपके जाळीसारखे शिस्तीत असतात. तीन ठिकाणी भिंग घेऊन गेले, तिन्ही ठिकाणी जाळी दिसली. आमच्या देवघरातली लक्ष्मी अजून कॅलेंडरचीच आहे.

मग 2020 आलं. मार्चअखेर सगळं बंद झालं आणि जूनपासून जाहिरातींचा पूर आला. हिंजवडी, मगरपट्ट्यातले भाडेकरू गावाकडे परतत होते: पलंग, फ्रिज, कूलर, कुंड्या, एकाच फोटोत सगळं. त्यांत कर्वेनगरच्या एका मेसची जाहिरात होती. लोखंडी चौकटीची सहा बाकडी, साठ ताटं, पोळ्यांचा मोठा तवा. मेसवाल्या ताई मास्क लावून दारात उभ्या होत्या. "मुलं गेली ती गेलीच, भाडं कुठून भरू?" म्हणाल्या. आम्हाला एकच बाकडं हवं होतं. सहाही घेऊन ठेवायला जागा नव्हती याची बोच अजून आहे. नवऱ्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, दोन दिवसांत बाकी पाच गेली. त्यांनी मागितलेला दर सगळ्यांनी दिला. ते बाकडं आमच्या बाल्कनीत आहे. खाली कुण्या मुलाने खडूने ओढलेल्या रेघा आहेत, बहुधा खाड्यांचा हिशेब. पावसाचे शिंतोडे येतात म्हणून मी ती बाजू भिंतीकडे ठेवली आहे.

आता बारा वर्षांनंतर घर भरलं आहे आणि घेणं जवळजवळ थांबलं आहे. जाळीच्या कपाटाच्या ड्रॉवरमध्ये एक वही ठेवली आहे. कुठली वस्तू, कुणाकडून, कधी, त्यांनी काय सांगितलं, एवढं त्यात लिहिते. कपाटाच्या वाट्यांत उन्हाळ्यात पाणी घालतो, पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीने कोरड्या ठेवतो.

गेल्या दिवाळीआधी वाकडचं टेबल विकायला काढलं, मुलीला मोठं हवं होतं म्हणून. सांगलीहून शिकायला आलेला एक मुलगा मित्राला घेऊन आला. 500 रुपये सांगितले होते, त्याने लगेच काढून दिले. मी टेबलाखाली हात घालून टेप सोडवली. चावी तिथेच होती. "वर्षातून एकदा स्क्रू आवळत जा," म्हटलं. त्याने ती घेतली, तिथेच फरशीवर मांडी घातली आणि चारही पायांचे स्क्रू एकेक करून आवळले. मग चावी टेपने पुन्हा जागच्या जागी लावली आणि मित्राला म्हणाला, "धर रे त्या बाजूने."