जुन्या पात्याचे ‘पाणी’

इंग्लंडमधील चॅटहॅम गावच्या जोसेफ सीटन यांनी डिसेंबर १७९६ मध्ये आपला मुलगा बेंजामिन याच्यासाठी लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल यांच्याकडून सुतारकामाच्या हत्यारांचा संपूर्ण संच खरेदी केला. बेंजामिनने पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी पेटी तयार केली, हत्यारांची यादीही लिहिली. मात्र ही हत्यारे फारशी वापरलीच गेली नाहीत. त्यामुळेच रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयातील ही पेटी अभ्यासकांना आज अमूल्य वाटते.

युरोपातील जुनी हत्यारे जमविणाऱ्यांपुढचा पेचही हाच आहे. हत्यार जसेच्या तसे जपावे, की धार लावून कामाला घ्यावे? वापरले नाही तर त्याचा गुण कळत नाही. वापरले तर ते झिजते.

हा गुण प्रामुख्याने पोलादाचा. शेफिल्डजवळ घड्याळे बनविणाऱ्या बेंजामिन हंट्समन यांनी १७४० च्या दशकात कोकच्या भट्टीत, मातीच्या मुशीत पोलाद वितळविण्याची पद्धत बसविली. (मुशीतले पोलाद दक्षिण भारतात त्याआधी कित्येक शतके तयार होत होते, हेही नोंदवायला हवे.) वितळल्यामुळे पोलादातील कर्ब सर्वत्र सारखा पसरे आणि मळी निघून जाई. पटाश्या व रंध्याच्या पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असा ठसा एकोणिसाव्या शतकात अभिमानाने मारला जात असे. संग्राहक आजही तो आधी शोधतात.

लाकडी रंध्याच्या पुढच्या तोंडावर कारागिराचा ठसा असतो, तसाच मालकाचाही. एकाच रंध्यावर दोन-तीन मालकांची नावे एकाखाली एक आढळतात. दुर्मीळ ठसा आणि मूळचे पाते असलेला असा रंधा घासूनपुसून चकचकीत करणे म्हणजे पुरावा नष्ट करणेच होय. शेफिल्डची साधी पटाशी मात्र अमाप बनली. ती खुशाल वापरावी.

वापरायचे ठरविल्यास घाई नडते. गंज काढण्यासाठी पाते विजेच्या सहाणेवर धरले आणि तापून त्याच्या धारेवर निळी झाक आली, की पोलादाचे पाणी उतरलेच. तेल, बारीक पॉलिश कागद आणि चिकाटी यांनी काम होते. पात्याच्या सपाट पाठीवर धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील, तर ते पाते टाळावे; खड्डा धारेपर्यंत आला की तेथे खाच पडते. जुन्या करवतीचे दात तिकोनी कानशीने पुन्हा घासता येतात. आजच्या बहुतेक स्वस्त करवतींचे दात इतके कडक केलेले असतात, की त्यांवर कानस चालत नाही; बोथट झाल्या की त्या टाकून द्याव्या लागतात.

जुने रंध्याचे पाते घेताना त्याची लांबीही पाहावी. ते सबंध पोलादाचे नसते. घडीव लोखंडाच्या जाड पट्टीवर, धारेच्या बाजूला, पोलादाचा पातळ थर भट्टीत तापवून ठोकून जोडलेला असतो. महाग पोलाद कमी लागे आणि मऊ लोखंडामुळे धारही लवकर लागे. पण हा थर पात्याच्या टोकापर्यंत नसतो. पिढ्यान्‌पिढ्या धार लावून आखूड झालेल्या पात्यात तो जेमतेम बोटभर उरलेला असू शकतो.