एकच पान, दोन ब्राउझर आणि न उघडलेले कॅलेंडर

सहा आठवड्यांच्या बाळाला घेऊन एक आई लसीकरण कक्षात आली. सिस्टरांनी मोबाईलवर नोंदणीचे पान उघडले, पण जन्मतारखेचे कॅलेंडर काही केल्या उघडेना. शेजारच्या संगणकावर तेच पान व्यवस्थित चालत होते, मात्र तिथे मोठी रांग होती. "मोबाईल खराब आहे, उद्या या," असे कोणीतरी म्हणाले. दोन एसटी बदलून आलेली बाई उद्या परत येईलच असे नाही. सिस्टरांनी टीकाकरण कार्ड पाहून आठवडे मोजले, वहीत नोंद केली आणि पेंटाव्हॅलेंटचा पहिला डोस दिला.

त्या दिवशी निभावले, पण दोष शोधायलाच हवा होता. संगणक विभागातल्या मुलाने तो शोधला, तेव्हा मी शेजारी बसून पाहत होतो. त्याची पद्धत आम्हा डॉक्टरांच्या ओळखीचीच निघाली.

पानावरचे कॅलेंडर, बटणे, तपासण्या चालवणाऱ्या सूचनांना स्क्रिप्ट म्हणतात. त्या बहुतेक जावास्क्रिप्ट या १९९५ साली आलेल्या भाषेत असतात आणि प्रत्येक जण त्या नव्याने लिहीत बसत नाही, तयार संच वापरतो. आमच्या पानावर असे दोन संच होते. जुना प्रोटोटाइप आणि नंतर जोडलेला जेक्वेरी. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण डॉलरचे चिन्ह हे दोघांचेही टोपणनाव. जो संच नंतर येतो, तो ते नाव बळकावतो.

वॉर्डात दोन पाटील दाखल असावेत आणि कागदावर नुसते "पाटलांना इंजेक्शन द्या" लिहिलेले असावे, तसा हा प्रकार. सूचना चुकीची नसते, ती भलत्याकडे जाते.

मग संगणकावर पान कसे चालले? त्या मुलाने तिथे खासगी विंडो उघडली. तिच्यात आधी साठवलेल्या फाइली वापरल्या जात नाहीत. आणि काय, संगणकावरही कॅलेंडर बंद! जो येईल त्याने चालू व्हावे, अशी सूचना पानात होती. संगणकात प्रोटोटाइपची फाइल साठवलेली असल्याने ती आधी चालू होई आणि नाव शेवटी जेक्वेरीकडे जाई. मोबाईलवर क्रम उलटा. म्हणजे मोबाईल निर्दोष होता. आजार दोन्हीकडे होता, लक्षण एकीकडेच दिसत होते.

पुढची तपासणी सरळ होती. एफ-१२ दाबून कन्सोल उघडायचे आणि लाल अक्षरांतली पहिली चूक वाचायची. खालच्या चुका अनेकदा तिचीच पिल्ले असतात. मग एका वेळी एकच स्क्रिप्ट बंद करून पाहायचे. अंगावर पुरळ आले आणि रुग्ण पाच औषधे घेत असेल, तर पाचही एकदम बदलून दोषी औषध कळत नाही. इथेही तसेच. शेवटी क्रम पक्का केला आणि जेक्वेरीला तिच्याच 'नो कॉन्फ्लिक्ट' सोयीने डॉलरचे चिन्ह सोडायला लावून पूर्ण नावाने हाक मारली.

प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही. '०५-०८-२०२४' ही तारीख एखादा ब्राउझर ८ मे समजतो, दुसरा ती नाकारू शकतो. कोरी चौकट निदान दिसते. चुकीची तारीख दिसतही नाही, आणि लसीच्या किंवा प्रसूतीच्या हिशेबात तीच जास्त घातक.

आपल्याला घरी हे जमेल का? थोडेफार नक्की. सरकारी किंवा दवाखान्याचे पान अडले, तर खासगी विंडोत उघडून पाहा. ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन बंद करा. मग दुसरा ब्राउझर वापरा. तक्रार करताना "चालत नाही" एवढेच न लिहिता ब्राउझरचे नाव, आवृत्ती आणि स्क्रीनशॉट द्या. "पोट दुखते" आणि "कालपासून उजवीकडे खाली दुखते" यांत जो फरक, तोच इथे आहे.

आणि पान अडले म्हणून खिडकीवरून परत फिरू नका. तुमचे कार्ड दाखवा आणि वहीत नोंद करायला सांगा. आमच्या कक्षातली ती वही अजून टेबलावरच आहे.